पान उडायचं थांबलं, ओझं नाही: अपडेटपॅनेलबरोबरची पंधरा वर्षं

कृष्णाकाठच्या एका साखर कारखान्याचं ऊस नोंदीचं सॉफ्टवेअर मी २००९ पासून सांभाळते. सर्व्हर कारखान्यावर, मी सांगलीत, आणि नोंदी घालणारी माणसं गट ऑफिसात. गट ऑफिस म्हणजे बाजारपेठेतली एक खोली, दोन टेबलं, भिंतीवर कारखान्याचं गेल्या वर्षीचं कॅलेंडर आणि खिडकीच्या गजाला सुतळीनं बांधलेलं इंटरनेटचं डोंगल. गजाला बांधलं की रेंज येते, हा शोध तिथल्या क्लार्कचा. त्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो. या परीक्षणात परीक्षक तेच, मी फक्त आकडे मोजले.

परीक्षण आहे एएसपी डॉट नेट वेब फॉर्म्स या मायक्रोसॉफ्टच्या वेबपानं बनवायच्या जुन्या साधनातल्या अपडेटपॅनेल या कंट्रोलचं, म्हणजे अख्खं पान न बदलता त्याचा एकच भाग बदलायच्या तयार सोयीचं. "हे अजून कोण वापरतं?" असं विचारणाऱ्यांनी एखाद्या पतसंस्थेत किंवा बाजार समितीत जाऊन काउंटरपलीकडच्या पडद्याकडे डोकावून बघावं. पत्त्याच्या शेवटी डॉट एएसपीएक्स, म्हणजे वेब फॉर्म्सच्या पानाची खूण, दिसलं तर मला नवल वाटणार नाही.

आधी आमचं पान समजून घ्या. वर गट निवडायचा, मग गाव, मग शेतकरी, मग जमिनीचा गट नंबर. (ऑफिसचा गट निराळा, जमिनीचा गट निराळा. पहिल्या आठवड्यात मी दोन्ही रकान्यांना एकच नाव देऊन बसले होते. शेतकी अधिकाऱ्यांनी ते बघितलं आणि "मॅडम, तुमच्याकडं शेती आहे का?" एवढंच विचारलं.) त्यानंतर लागणीचा प्रकार, म्हणजे आडसाली, पूर्वहंगामी, सुरू की खोडवा. मग उसाची जात, बहुतेक वेळा को ८६०३२ नाहीतर २६५. मग तारीख आणि क्षेत्र. खाली त्या गावच्या चालू हंगामातल्या नोंदींची यादी, मोठ्या गावाला दोनशे ओळींची.

प्रत्येक ड्रॉपडाउनला ऑटोपोस्टबॅक लावलेलं. गाव बदललं की अख्खं पान सर्व्हरकडे जायचं आणि अख्खं पान परत यायचं. या फेरीला पोस्टबॅक म्हणतात. पडदा पांढरा व्हायचा, मग वरून खाली हळूहळू रंगत यायचा. अण्णा याला "पान उडालं" म्हणायचे. एका नोंदीत पान चार वेळा उडायचं. जुलैत आडसालीच्या लागणी सुरू झाल्या की ऑफिसात शेतकऱ्यांची रांग लागते, आणि रांगेतला प्रत्येक जण पान उडताना बघत उभा. "नेट नाही व्हय?" हा प्रश्न अण्णांना दिवसात किती वेळा यायचा ते त्यांनाच माहीत.

अपडेटपॅनेल त्या वेळी नवं नव्हतं. ब्राउझरनं मागच्या मागे सर्व्हरशी बोलायची सोय १९९९ च्या इंटरनेट एक्सप्लोरर ५ मध्येच आली होती, २००५ मध्ये त्या तंत्राला एजॅक्स हे नाव मिळालं, जानेवारी २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टनं अपडेटपॅनेल असलेलं एएसपी डॉट नेट एजॅक्स १.० वेगळं डाउनलोड म्हणून दिलं आणि त्याच वर्षाच्या शेवटी ते डॉट नेट ३.५ मध्ये आतच आलं. फुकट, आणि वापरायला हास्यास्पद सोपं. पानावर एक स्क्रिप्टमॅनेजर (हे सगळं चालवणारा कंट्रोल) टाकायचा, जो भाग बदलायचा तो अपडेटपॅनेलच्या आत ठेवायचा, संपलं. जावास्क्रिप्टची एक ओळ लिहायची नाही. माझ्यासारख्या व्हिज्युअल बेसिकवरून आलेल्या बाईला हे वरदान वाटलं. मी सगळं पान एका पॅनेलमध्ये गुंडाळलं आणि दुपारच्या जेवणाआधी सर्व्हरवर चढवलं.

तीन वाजता अण्णांचा फोन. "मॅडम, आता पान उडत नाही बघा. लई जलद झालं."

जलद काहीच झालं नव्हतं. पण हे मला दोन दिवसांनी कळलं, जेव्हा मी स्वतः गट ऑफिसात जाऊन, फायरबग (ब्राउझरची देवाणघेवाण दाखवणारं तेव्हाचं साधन) उघडून, काय जातंय आणि काय येतंय हे मोजलं. आधी प्रत्येक पोस्टबॅकला ३१० किलोबाइट खाली यायचे. पॅनेल लावल्यावर ३०९. फक्त पडदा पांढरा व्हायचा थांबला होता, जुनं पान तसंच दिसत राहायचं आणि तयार झाल्यावर नवं त्याच्या जागी बसायचं. माणसाच्या डोळ्याला तो बदल केवढा मोठा वाटतो याची मला तोवर कल्पना नव्हती. तेव्हा या कंट्रोलचा पहिला गुण प्रामाणिकपणे नोंदवते: नेटवर्कवरचा भार एक टक्काही न उतरवता तो वापरणाऱ्याला खूश करतो. दोषही तोच आहे, कारण तिथेच थांबणारे खूप. मीही थांबले असते, पण डोंगलचं बिल कारखान्याच्या अकाउंट्समध्ये जायचं आणि ते कमी झालं नव्हतं.

पुढची पायरी अपडेटमोड. हा गुणधर्म मुळात 'ऑल्वेज' असतो, म्हणजे पानावर पाच पॅनेलं असली आणि एकातलं बटण दाबलं तरी पाचही नव्यानं येतात. असं का ठरवलं असेल ते समजतं, नवख्याचं काही बिघडू नये म्हणून. पण वाहतूक कमी करायला आलेल्या माणसाला हा मूळ पर्याय उलटा पडतो. मी पानाचे तीन तुकडे केले, गाव-शेतकरी, जमीन-लागण आणि खालची यादी. तिन्ही 'कंडिशनल', म्हणजे सांगितलं तरच नव्यानं येणारे. कोणत्या ड्रॉपडाउननं कोणता तुकडा हलवायचा ते ट्रिगरमध्ये लिहून दिलं.

आता शेतकरी निवडल्यावर फक्त त्याच्या गट नंबरांची यादी यायला हवी होती. ती जेमतेम ३ किलोबाइटची. प्रत्यक्षात आले १२२.

उरलेल्यापैकी ११८ कसले? व्ह्यूस्टेटचे. ज्यांना वेब फॉर्म्स माहीत नाहीत त्यांच्यासाठी: सर्व्हरला पान आठवत नाही, म्हणून पानावरच्या कंट्रोलांची स्थिती एका लपवलेल्या रकान्यात बांधून ब्राउझरकडे दिलेली असते. पुढच्या वेळी ते गाठोडं परत न्यायचं, सर्व्हरनं सोडायचं, काम करायचं, पुन्हा बांधायचं, पुन्हा पाठवायचं. अपडेटपॅनेल या गाठोड्याला हात लावत नाही. सर्व्हरचं उत्तर उघडून बघितलं तर सोपं असतं. आधी मजकुराची लांबी, मग प्रकार, मग पॅनेलचं नाव, मग मजकूर, मध्ये उभ्या रेघा. तुमच्या पॅनेलचा छोटा तुकडा येतो आणि त्याच्या मागून अख्खा व्ह्यूस्टेट येतो, बदललेला असो वा नसो.

आणि हे झालं फक्त येतानाचं. जाताना काय जातं याकडे माझं कित्येक महिने लक्षच नव्हतं, कारण कंट्रोलचं नावच 'पार्शल' रेंडरिंगशी जोडलेलं. अर्धवट असतं ते उत्तर, प्रश्न पूर्णच असतो. ड्रॉपडाउनमध्ये एक नाव बदललं की फॉर्ममधला प्रत्येक रकाना आणि सगळा व्ह्यूस्टेट वर जातो, जसा साध्या पोस्टबॅकला जायचा तसाच. सर्व्हरवरही पान पहिल्यापासून शेवटपर्यंत चालतं, पेज लोडमध्ये, म्हणजे पान चालताना दर वेळी चालणाऱ्या कोडमध्ये, तुम्ही डेटाबेसच्या दहा क्वेरी टाकल्या असतील तर दहाही चालतात.

त्या डोंगलचा वर जायचा वेग चांगल्या दिवशी १२८ किलोबिट. ११८ किलोबाइट म्हणजे ९४४ किलोबिट. भागाकार करा, सव्वासात सेकंदांच्या वर जातो. खाली येण्याचा वेग बरा होता. शिवाय आयआयएसवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या वेब सर्व्हरवर, डायनॅमिक कॉम्प्रेशन चालू केलं की येणारा मजकूर दाबून येतो. वर जाणारं मात्र कुणी दाबत नाही, ते उघडंबोडकं जातं. उलट व्ह्यूस्टेट ज्या अक्षरी रूपात बांधतात त्या बेस६४ मधली अधिकची आणि तिरकी रेघेची खूण फॉर्ममधून जाताना एकाची तीन अक्षरं होऊन जाते. म्हणजे जी बाजू अरुंद, तिच्यावरच न आवळलेलं गाठोडं. अपडेटपॅनेल वाहतूक वाचवतं असं ज्या लेखांत मी वाचलं होतं, ते लिहिणाऱ्यांनी बहुधा ऑफिसातल्या लॅनवर बसून फक्त येणारा आकडा बघितला असावा.

मराठीत काम करणाऱ्यांना इथे आणखी एक भुर्दंड आहे. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे संगणकात अक्षरं साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, देवनागरीचं एक अक्षरचिन्ह ३ बाइट घेतं, काना-मात्रा वेगळे मोजून. व्ह्यूस्टेट बेस६४ मध्ये बांधला जातो, त्यात ३ चे ४ होतात. म्हणजे 'पाटील' या नावातली पाच चिन्हं, १५ बाइट, व्ह्यूस्टेटमध्ये २०. हेच नाव इंग्रजीत असतं तर ७ मध्ये भागलं असतं. आमच्या भागातल्या एका गावात पाटील किती असतात हे सांगायला नको. त्या पानाचा व्ह्यूस्टेट एन्क्रिप्ट केलेला नव्हता, त्यामुळे पानाचा सोर्स उघडला की त्या जंजाळात 'चार-के-एस' ही तीन अक्षरं ठिकठिकाणी दिसायची. देवनागरीच्या बहुतेक चिन्हांचे पहिले दोन बाइट एकच असल्यामुळे तसं होतं. मला ते ओळखता यायला लागलं तेव्हा मुलगा म्हणाला, "आई, तू आता सुट्टी घे."

उपाय मग पॅनेलमध्ये नाही, पॅनेलच्या आत ठेवलेल्या सामानात शोधावा लागला. खालच्या ग्रिडव्ह्यूचा, म्हणजे यादीच्या तक्त्याचा, व्ह्यूस्टेट बंद केला. यादी फक्त दाखवायची आहे, सर्व्हरनं ती लक्षात ठेवायचं कारण नव्हतं. फक्त ओळीतलं 'दुरुस्ती' बटण त्यामुळे मेलं, त्याच्या जागी साधी लिंक दिली. शेतकऱ्यांच्या ड्रॉपडाउनचाही बंद केला आणि साडेतीनशे नावं सर्व्हरच्या कॅशेतून प्रत्येक वेळी पेज इनिटमध्ये (पेज लोडच्या आधीची पायरी) भरायला लागले. इनिटमध्येच, लोडमध्ये भरली तर निवडलेलं नाव हरवतं. यातही एक खड्डा आहे. व्ह्यूस्टेट नसला की ड्रॉपडाउनला आधी काय निवडलेलं होतं ते कळत नाही, त्यामुळे 'निवड बदलली' ही घटना प्रत्येक पोस्टबॅकला घडते, नाव न बदलताही. एक संपूर्ण रविवार मी त्यात घालवला. शेवटी जुनी निवड एका लपवलेल्या रकान्यात ठेवून तुलना केली.

व्ह्यूस्टेट ११८ वरून १४ वर आला. येणारं उत्तर १२२ वरून १८ वर. वर जायला सव्वासातऐवजी एक सेकंदाच्या आत. अण्णांचा या वेळी फोन आला नाही. मीच केला. तर म्हणाले, "कंपनीनं टॉवर वाढवला वाटतं, ताई."

मॅडमची ताई झाले होते, तेवढं पुरे.

आता तक्रारी. सगळ्यात महाग पडलेली आधी. अपडेटपॅनेल एका वेळी एकच विनंती चालवतं आणि दुसरी आली की पहिलीची वाट बघणं सोडून देतं. कुठे काही सांगत नाही, पडद्यावर काही येत नाही. व्ह्यूस्टेट कमी करायच्या आधीच्या हंगामात अण्णा 'जतन करा' दाबायचे आणि रांग खोळंबलीय म्हणून लगेच पुढच्या शेतकऱ्याचं नाव निवडायचे. त्या निवडीनं जतनाची विनंती तुटायची. पण ती कुठे तुटली यावर सगळं अवलंबून. वर जातानाच तुटली तर नोंद झालीच नाही. सर्व्हरपर्यंत पोचल्यावर तुटली तर नोंद झाली, फक्त 'नोंद झाली' हा निरोप परत आला नाही. अण्णांना दोन्हींमध्ये फरक दिसायचं कारण नव्हतं. त्यांनी शंका आली तिथे पुन्हा नोंद घातली. तोडणी कार्यक्रम लावताना एकाच गट नंबरवर दुप्पट क्षेत्र निघालं, अकरा ठिकाणी, आणि दोन शेतकऱ्यांची नोंद सापडेना. शेतकी विभागानं अण्णांना बोल लावला. चूक माझी होती, तसं मी लेखी दिलं.

दुरुस्ती पाच ओळींची निघाली. नवी विनंती निघण्याआधी इनिशियलाइझरिक्वेस्ट नावाची घटना येते, त्यात आधीची चालू आहे का बघायचं आणि असेल तर नवी रद्द करायची. बरोबर अपडेटप्रोग्रेस लावून "थांबा, जतन होत आहे" ही पाटी. ही पाटी मुळात अर्ध्या सेकंदानं दिसते, मी तो वेळ शून्य केला. रांगेसमोर बसलेल्या माणसासाठी अर्धा सेकंद पुष्कळ होतो.

दुसरी तक्रार टायमरची, खरं तर आमच्या हौसेची. एका हंगामात ठरलं की केन यार्डात (कारखान्यातल्या ऊसवाहनांच्या तळावर) किती ट्रॅक्टर, किती ट्रक, किती बैलगाड्या उभ्या आहेत ते प्रत्येक गट ऑफिसात दिसावं, म्हणजे वाहनमालक फोन करून भंडावणार नाहीत. मी नोंदीच्याच पानावर कोपऱ्यात एक पॅनेल आणि पाच सेकंदांचा टायमर टाकला. तीन आकड्यांसाठी दर पाच सेकंदाला १४ किलोबाइट वर, १८ खाली. तासाला ७२० वेळा. २३ एमबी. आठ तासांच्या ऑफिसला १८४. सोमवारी सुरू केलं, शनिवारी एक जीबीचा महिन्याचा पॅक संपला. टायमर आणि अपडेटपॅनेलची जोडी उदाहरणांत फार गोड दिसते. डेटा मोजून मिळणाऱ्या ठिकाणी तिच्यापासून लांब राहा. ते काम मी पेजमेथडवर नेलं: सर्व्हरवर एक स्टॅटिक फंक्शन, त्याला व्ह्यूस्टेट लागत नाही, पान चालत नाही, तीन आकडे जेसनमध्ये येतात आणि जावास्क्रिप्टच्या चार ओळी ते जागेवर बसवतात. हेडर धरून दोन किलोबाइटच्या आत.

किरकोळ कटकटी भरपूर. पॅनेलमधला भाग बदलला की जेक्वेरी या जावास्क्रिप्ट लायब्ररीनं लावलेला तारखेचा कॅलेंडर मरतो, कारण ज्या रकान्याला तो लावला होता तो रकानाच आता नवा असतो. एंडरिक्वेस्टमध्ये, म्हणजे उत्तर आल्यानंतरच्या घटनेत, पुन्हा लावावा लागतो. फोकस, म्हणजे कुठल्या रकान्यात टाइप होतंय ती जागा, हरवतो, आणि सगळं काम टॅबवर करणाऱ्या क्लार्कला हात उचलून माउस धरावा लागणं म्हणजे अपमान वाटतो. मी प्रत्येक ठिकाणी सर्व्हरवरून फोकस ठरवून दिला. कुठे चाचणीसाठी टाकलेलं रिस्पॉन्स डॉट राइट (उत्तरात थेट मजकूर घालणारी ओळ) राहून गेलं तर ब्राउझरला उत्तरातल्या लांब्या जुळत नाहीत आणि पार्सर एररची लांबलचक इंग्रजी खिडकी उघडते. अण्णांनी ती मोबाइलवर फोटो काढून पाठवली होती, वर लिहिलं होतं, "हे काय मागतंय?"

फाइल अपलोडही पॅनेलमधून जात नाही. सातबाऱ्याचा स्कॅन जोडायचं बटण दाबलं तर बाकी सगळं पोचतं, फाइल तेवढी रिकामी. त्या बटणाला साध्या पोस्टबॅकचा ट्रिगर द्यावा लागतो, म्हणजे तिथे जुन्यासारखं अख्खं पान जातं-येतं.

मग घ्यावं की नाही? नवं काही सुरू करणाऱ्यानं या वाटेला जाऊच नये. वेब फॉर्म्स नव्या डॉट नेट कोअरमध्ये आलंच नाही, जुन्या डॉट नेट फ्रेमवर्क ४.८ च्या घराण्यात त्याचा प्रवास थांबलाय. सर्व्हरवरून एचटीएमएलचा तुकडा आणून जागेवर बसवायची हीच कल्पना आज एचटीएमएक्ससारख्या छोट्या लायब्ररीत व्ह्यूस्टेटच्या गाठोड्याशिवाय मिळते. पण ज्यांच्या गळ्यात माझ्यासारखी दोनशे एएसपीएक्स पानं आहेत आणि ती पुन्हा लिहायला कुणी पैसे देणार नाही, त्यांच्यासाठी अपडेटपॅनेल अजूनही कामाचं आहे. अट एवढीच की ब्राउझरमध्ये नेटवर्कचा टॅब उघडून जाणारा आकडाही बघायचा, आणि तो बघायला ऑफिसातल्या वायफायवर नाही, गट ऑफिसात जाऊन बसायचं.

पाचपैकी तीन तारे. एक सोपेपणाचा, एक पडदा न उडण्याचा, तिसरा पंधरा वर्षांत विंडोजच्या एकाही अपडेटनं ते मोडलं नाही याचा. चौथा मी दिला असता, पण 'कंडिशनल' हा मूळ पर्याय असता तर.

गट ऑफिसात आता फायबर आलंय. पावसाळ्यात रस्त्याचं काम निघालं की तो तुटतो, तेव्हा गजावरचं डोंगल पुन्हा कामाला लागतं आणि नोंदी चालू राहतात. सातबाऱ्याचं पान तेवढं अजून उडतं. अण्णांची त्याला हरकत नाही, तेवढ्यात ते चहा सांगून येतात.